बेडकाच्या कातडीतले अदृश्य कवच

उचगाव (ता. करवीर) - मृगाच्या सरी कोसळल्या, की कोल्हापूर शहराला खेटून असलेल्या उचगावच्या शिवारात बेडकांचा आवाज घुमू लागतो. उसाच्या सरीत साचलेल्या गढूळ पाण्यात, रस्त्याकडेच्या डबक्यात हा प्राणी अहोरात्र बसून असतो. त्या पाण्याच्या एकेका थेंबात हजारो जिवाणू असतात. बेडकाच्या अंगावर ना खवले, ना केस. त्याची कातडी पातळ आणि सदैव ओली. तरीही तिच्यावर उठलेला ओरखडा सहसा चिघळत नाही. त्याच पाण्यात दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या पायांना मात्र चिखल्या होतात. बेडकाला हे संरक्षण लाभते कोठून?

या प्रश्नाच्या उत्तराची दिशा 1987 मध्ये मिळाली. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मायकेल झॅस्लॉफ हे शास्त्रज्ञ आफ्रिकी बेडकांवर संशोधन करीत होते. शस्त्रक्रियेनंतर टाके घालून बेडूक पुन्हा टाकीतल्या अस्वच्छ पाण्यात सोडले जात. तरीही त्यांच्या जखमा पू न होता भरून येत. झॅस्लॉफ यांनी कातडीचा शोध घेतला, तेव्हा तिच्यात जंतूंना मारणारे दोन लहान रेणू सापडले. 'ढाल' या अर्थाच्या हिब्रू शब्दावरून त्यांना 'मॅगेनिन' हे नाव देण्यात आले. त्यापूर्वी 1981 मध्ये स्वीडनच्या हान्स बोमन यांनी पतंगाच्या कोशात असेच रेणू शोधले होते.

भाराचे साधे गणित

हे रेणू म्हणजे सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडे. प्रथिने अमिनो आम्लांच्या लांबलचक साखळ्यांनी बनतात. पेप्टाइड ही त्याच साखळीची छोटी आवृत्ती असून, तिच्यात बहुधा 10 ते 50 कड्या असतात. यांतील बहुतेक पेप्टाइडांवर धन विद्युतभार असतो, तर जिवाणूंच्या बाह्य पृष्ठभागावर ऋण भार असतो. साहजिकच पेप्टाइडे जिवाणूकडे ओढली जातात. त्यांची एक बाजू पाण्याशी जुळणारी, तर दुसरी तेलकट पदार्थांत मिसळणारी असते. ही तेलकट बाजू जिवाणूच्या स्निग्ध आवरणात घुसते आणि आवरणाला भोके पडतात. आतील द्रव्य बाहेर झिरपून जिवाणू काही मिनिटांत मरू शकतो. प्राण्यांच्या पेशींचा बाहेरचा थर विद्युतदृष्ट्या जवळजवळ उदासीन असतो व त्यात कोलेस्टेरॉलही असते. त्यामुळे त्या बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात.

अशी पेप्टाइडे केवळ बेडकांतच नव्हे, तर वनस्पती, कीटक आणि सस्तन प्राण्यांतही आढळतात. माणसाच्या पांढऱ्या पेशींत 'डिफेन्सिन' गटातील पेप्टाइडे असतात. त्वचा आणि श्वसनमार्गात 'एलएल-37' हे 37 कड्यांचे पेप्टाइड तयार होते. ते बनविण्याच्या कामात 'ड' जीवनसत्त्वाची मदत होते आणि क्षयाच्या जंतूंशी लढताना त्याचा उपयोग होतो, असे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. गाईच्या श्वासनलिकेत असेच पेप्टाइड 1991 मध्ये सापडले. दुभत्या जनावराच्या कासेतही ही पेप्टाइडे तयार होतात. विशिष्ट रोगाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होण्यास काही दिवस लागतात. तोवर किल्ल्याचा दरवाजा लढविण्याचे काम ही पेप्टाइडे करतात.

सह्याद्रीतला दांडपट्टा

या विषयाचा एक धागा महाराष्ट्रातही येऊन मिळतो. पुण्याचे उभयचर-अभ्यासक डॉ. आनंद पाध्ये, डॉ. नीलेश डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये बेडकाच्या एका नव्या प्रजातीची नोंद केली. तांबूस पाठीचा आणि काळपट कुशीचा हा बेडूक महाराष्ट्रापासून केरळपर्यंत आढळतो. या विस्तृत अधिवासामुळे त्याचे नाव 'हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा' असे ठेवण्यात आले. तोपर्यंत त्याची गणना दुसऱ्याच एका प्रजातीत होत असे.

दोनच वर्षांनी, 2017 मध्ये, याच बेडकाने जगाचे लक्ष वेधले. तिरुअनंतपुरमचे राजीव गांधी जैवतंत्रज्ञान केंद्र आणि अमेरिकेतील एमरी विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी केरळमधील बेडकांच्या त्वचेतील स्रावातून मिळालेली 32 पेप्टाइडे तपासली. त्यांपैकी चार फ्लूच्या विषाणूंवर प्रभावी ठरली. परंतु मानवी रक्तपेशींना अपाय न करणारे एकच निघाले. केरळमधील 'उरुमी' या लवचिक तलवारीवरून त्याला 'युरुमिन' हे नाव मिळाले. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांतील दांडपट्ट्याशी नाते सांगणारे हे शस्त्र आहे. हे पेप्टाइड 'एच-1' गटातील विषाणूंच्या पृष्ठभागावरील प्रथिनाच्या देठाला चिकटते आणि विषाणू नष्ट करते. नाकावाटे ते दिल्यावर फ्लूची लागण केलेल्या उंदरांचे संरक्षण झाले. देशातील स्वाइन फ्लूचा पहिला बळी ऑगस्ट 2009 मध्ये पुण्यात गेला होता. तो विषाणू याच गटातला होता. 'एच-3' गटातील विषाणूंवर मात्र युरुमिनची मात्रा चालली नाही.

औषध का झाले नाही?

मग ही पेप्टाइडे औषधाच्या दुकानात का मिळत नाहीत? मॅगेनिनपासून 'पेक्सिगनान' हे मलम तयार करण्यात आले होते. मधुमेहींच्या पायांवरील जखमांसाठी ते वापरण्याची परवानगी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1999 मध्ये नाकारली. उपलब्ध प्रतिजैविकांपेक्षा ते सरस असल्याचे सिद्ध झाले नव्हते. शिवाय पोटात घेतलेली पेप्टाइडे पाचकरसांमुळे विघटित होतात, रक्तात ती फार काळ टिकत नाहीत, जास्त मात्रेत शरीराच्या पेशींनाही इजा करू शकतात आणि ती बनविण्याचा खर्चही मोठा असतो. अन्नक्षेत्रात मात्र एक पेप्टाइड केव्हाच रुळले आहे. दुधातील जिवाणूंपासून मिळणारे 34 कड्यांचे 'नायसिन' चीज टिकविण्यासाठी जगभर वापरले जाते.

या संशोधनाची निकड दिवसेंदिवस वाढत आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2022 मध्ये प्रसिद्ध केला.

पेप्टाइडांविरुद्ध जिवाणू कधीच तयार होणार नाहीत, असेही नाही. स्वतःच्या आवरणावरील भार बदलून काही जिवाणू त्यांना चकवतात. 'कोलिस्टिन' हे पेप्टाइड गटातलेच प्रतिजैविक. इतर औषधे थकली, की अतिदक्षता विभागातील डॉक्टर त्याचा आधार घेतात. तेच औषध कोंबड्या-जनावरांच्या वाढीसाठी खाद्यातून सर्रास दिले जात होते. एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे कोलिस्टिनरोधी जनुक 2015 मध्ये चीनमध्ये आढळले. भारताने जुलै 2019 मध्ये पशुखाद्य, कुक्कुटपालन आणि मत्स्यपालनातील कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

कोल्हापूरसारख्या दुधाच्या जिल्ह्यात हा धडा थेट गोठ्यापर्यंत पोचतो. म्हशीला दगडी झाली, की हाताशी असेल ते इंजेक्शन टोचण्यापेक्षा पशुवैद्यकाचा सल्ला घेणे आणि औषधाचा अंश जाईपर्यंत ते दूध डेअरीला न घालणे हिताचे आहे. शहरातील घरांनाही हाच नियम लागू पडतो. साध्या सर्दीसाठी प्रतिजैविके घेऊ नयेत आणि डॉक्टरांनी दिलेली अर्ध्यावर सोडू नयेत.

डबक्यातल्या बेडकाजवळ एकच नव्हे, तर अनेक प्रकारची पेप्टाइडे असतात आणि ती एकाच वेळी काम करतात. कोट्यवधी वर्षे ही ढाल बोथट न होण्यामागे हेही एक कारण मानले जाते. माणसाने मात्र आपली मोजकीच शस्त्रे वारंवार आणि विनाकारण उगारली. नवे शस्त्र हाती येईपर्यंत जुन्यांची धार जपणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.