पांढरी कावीळ आणि यकृताचा कॅन्सर : धोका कोणाला अधिक?



आपल्या मलाजखंडात काय, गोंदिया-भंडाऱ्याकडे काय, कावीळ झाली की चुन्याच्या पाण्याने हात धुवून ती ‘उतरवतात’. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुधा आपोआपच बरी होते, म्हणून उतरवणाऱ्याचे नाव होते. हिपॅटायटिस बी (आपली पांढरी कावीळ) आणि हिपॅटायटिस सी यांचे मात्र तसे नाही. हे विषाणू रक्तातून पसरतात आणि काही जणांच्या शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम करतात. त्रास काहीच नसतो. पण हप्ता मागायला कोणी आले नाही म्हणून कर्ज फिटले असे होत नाही, हे आम्हा बँकवाल्यांना पक्के ठाऊक आहे.

१९८२ मध्ये ‘कुली’च्या अपघातानंतर अमिताभ बच्चन यांना दिलेल्या रक्तातून हिपॅटायटिस बीची लागण झाली. कळले जवळपास वीस वर्षांनी. तोवर यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता, असे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे.

विषाणू असलेल्या प्रत्येकाला कॅन्सर होतो असे मुळीच नाही. सर्वांत मोठा धोका सिरॉसिस झालेल्यांना, म्हणजे यकृत आकसून कडक झालेल्यांना. सी प्रकारात कॅन्सर बहुधा सिरॉसिसनंतरच होतो. बी मात्र सिरॉसिस नसतानाही कॅन्सर करू शकतो. चाळिशीपुढचे पुरुष, रक्तात विषाणूचे प्रमाण जास्त असलेले आणि ज्यांच्या घरात कोणाला यकृताचा कॅन्सर झाला आहे, त्यांनी अधिक जपावे. लागण कोणत्या वयात झाली यालाही महत्त्व आहे. जन्मतः आईकडून झाली तर दहापैकी नऊ बाळांत बी कायमचा राहतो, मोठेपणी झाली तर शंभरात पाचांहून कमी जणांत. म्हणूनच बाळाला पहिली लस २४ तासांच्या आत हवी.

दारू, मग ती मोहाची असो की इंग्रजी, तंबाखू, मधुमेह आणि लठ्ठपणा धोका वाढवतात. बुरशी लागलेला मका व शेंगदाणेही. त्यातले अफ्लाटॉक्सिन नेहमीच्या शिजवण्याने जात नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात असा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली होती. कुबट दाणे निवडून खाण्यापेक्षा फेकलेले बरे.

धोका असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, सोबत डॉक्टर सांगतील ती रक्ततपासणी. गाठ लहान असताना सापडली तर इलाज होतो. सी बहुतेकांत तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, मात्र सिरॉसिस असेल तर सोनोग्राफी पुढेही चालूच ठेवायची. बीच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी.

एक गोष्ट आम्हाला फार खटकते. मुलीचे लग्न अडेल म्हणून घरोघरी रिपोर्ट कपाटात जातो. एका पंगतीत जेवल्याने हा आजार लागत नाही. पण रिपोर्ट लपला की भावंडांची आणि मुलांची तपासणी राहते, आणि ज्यांना लागण नाही त्यांची लसही.