थोरल्यांचे स्वप्न, पोरांचे गुडघे

आज पिकाची नव्हे, पोरांची गोष्ट सांगतो. ‘हूप ड्रीम्स’ या १९९४ सालच्या अमेरिकन माहितीपटातली ही खरी माणसे. विल्यम गेट्स आणि आर्थर एजी. दोघेही शिकागोच्या गरीब वस्त्यांतले. बास्केटबॉलच्या जोरावर दूरच्या खाजगी हायस्कुलात दाखल झाले. जायला दीड तास, यायला दीड तास.

विल्यमचा थोरला भाऊ कर्टिस एके काळचा उत्तम खेळाडू, पण पुढे त्याचे जमले नाही. मग आपले हुकलेले सारे धाकट्याकडून वसूल करायचे! (आपल्या तालमीतही असे बाप मी पाहिलेत.) विल्यमच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तरी घाई परत मैदानात उतरण्याचीच. लोक म्हणत, मोठा झालास की आम्हाला विसरू नकोस. विल्यमच्या मनात येई, मोठा नाही झालो तर हे मला विसरणार नाहीत ना?

आर्थरच्या घरी पैसा नव्हता. फी थकली आणि दुसऱ्या वर्षी शाळा सुटली. वडील व्यसनात. आई शीला यांनी मात्र तशातच सहायक परिचारिकेचा अभ्यासक्रम वर्गात पहिल्या येऊन पुरा केला. ती माउली माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आर्थर वस्तीजवळच्या सरकारी मार्शल हायस्कुलात गेला आणि १९९१ साली त्यांचा संघ राज्यात तिसरा आला. विल्यमच्या नामांकित शाळेला तेवढी मजल मारता आली नाही.

दोघेही पुढे कॉलेजकडून खेळले. एनबीएत कोणीच पोचला नाही. शाळा वेगळ्या झाल्या, पण दोघांची दोस्ती मात्र कितीतरी वर्षे टिकली.