रानपिंगळा, तणमोर आणि सहाशे मिलिमीटर

टेलिफोटो लेन्सची पोच तिच्या नाभीय अंतरावरून, म्हणजे फोकल लेंथवरून ठरते. मेळघाटच्या सागवनातल्या रानपिंगळ्यावर हे चटकन पडताळता येते. 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडेपर्यंत हा पक्षी नामशेष समजला जाई. मेळघाटातली त्याची नोंद त्यानंतरची. उंची जेमतेम 23 सेंटिमीटर. तो 30 मीटरवरच्या फांदीवर बसला असेल, तर 300 मिलिमीटरची लेन्स सेन्सरवर त्याची 2.3 मिलिमीटर उंच प्रतिमा पाडते, 600 ची लेन्स 4.6 मिलिमीटर. फुल फ्रेम सेन्सर 24 मिलिमीटर उंच असतो. म्हणजे 600 लावूनही पिंगळा चौकटीचा पाचवा हिस्साच व्यापतो. सफारीत गाडीतून उतरायची सोय नाही, म्हणून नजर नव्या, लांब लेन्सांकडे.

मिररलेस कॅमेऱ्यातला आरसा गेला आणि लेन्स सेन्सरच्या जवळ आली. निकॉनच्या जुन्या एफ माउंटपासून सेन्सर 46.5 मिलिमीटरवर होता, झेड माउंटपासून तो 16 वर आहे. कॅननमध्ये 44 चे 20 झाले. त्यामुळे सगळ्याच लेन्स लहान होतील, हा समज मात्र अर्धवट. रुंद कोनाच्या लेन्सला या जागेचा मोठा फायदा. टेलिफोटोचा आकार पुढच्या काचेच्या हाती. 600 मिलिमीटरला एफ/4 हवे तर 600 भागिले 4, म्हणजे 150 मिलिमीटरचे तोंड लागते, एफ/6.3 चालत असेल तर 95 चे. आरसा असो वा नसो, हा भागाकार बदलत नाही.

मग नव्या लेन्स हलक्या झाल्या कशा? एक वाट म्हणजे तोंड लहान ठेवणे. आरशाच्या जुन्या कॅमेऱ्याचा, म्हणजे डीएसएलआरचा ऑटोफोकस साधारण एफ/8 च्या पुढे हात टेकायचा. मिररलेसमध्ये फोकस थेट सेन्सरच साधतो, म्हणून कॅननने 2020 मध्ये 600 आणि 800 मिलिमीटरच्या एफ/11 लेन्स काढल्या. 800 चे वजन फक्त 1,260 ग्रॅम. दुसरी वाट काचेतच आहे. निकॉनच्या फेज फ्रेनेल भिंगावर अतिसूक्ष्म समकेंद्री खाचा असतात. त्यांतून प्रकाश विवर्तनाने वळतो आणि त्याचा रंगदोष साध्या भिंगाच्या उलट पडतो, त्यामुळे दोन्ही दोष एकमेकांना खोडून काढतात आणि जड काचा कमी लागतात. 2023 ची 600 मिलिमीटर एफ/6.3 म्हणूनच दीड किलोच्या आत बसली. समोर प्रखर दिवा आला की त्याभोवती कडी उमटू शकतात, ही त्या खाचांची किंमत.

अशा लेन्सांची वाट पाहणेही या क्षेत्रात नवे नाही. निकॉनच्या नियोजनात 200-600 ची झूम 2019 मध्येच दिसली होती. ती हाती आली 2023 मध्ये आणि तीही 180-600 होऊन. सोनीची 200-600 मात्र 2019 मध्येच बाजारात होती.

लहान तोंडाच्या लेन्सची खरी अडचण मात्र पावसाळ्यात कळते. अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर तणमोर या पक्ष्याचा नर विणीच्या काळात गवतावर उंच उड्या घेतो. उडी टिपायला शटर 1/2000 सेकंदाच्या आसपास लागते आणि वर आभाळ भरलेले. एफ/6.3 वर एफ/4 च्या तुलनेत प्रकाश अडीच पट कमी, एफ/11 वर साडेसात पट. एफ/4 वर 1600 आयएसओ पुरत असेल तर एफ/6.3 ला 4000 आणि एफ/11 ला बारा हजार लागते. पिसांवरची बारीक नक्षी तिथे दाणेदार होऊ लागते. हलकी लेन्स गळ्यात अडकवून दिवसभर माळ तुडवता येतो, हे तिच्या बाजूने.

उन्हाळ्यात अडचण उलटी. प्रकाश मुबलक असतो, पण काळ्या जमिनीवरून उठणाऱ्या तापल्या हवेच्या थरांत प्रकाशकिरण सतत वाकतात आणि दूरचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा थरथरतो. जास्त मिलिमीटर म्हणजे ही थरथरही तितकीच मोठी. अकोल्याच्या मे महिन्यात भर दुपारी 800 मिलिमीटरचा फोटो पुष्कळदा 400 च्या फोटोहून अधिक तपशील देत नाही. त्यापेक्षा सकाळी लवकर, जमीन तापण्याआधी, पक्ष्याच्या शक्य तितके जवळ राहणे उपयोगी पडते.