ताप आला कुठं, डास चावला कुठं?

लेकराला सणकून ताप चढला, झटके आले, हाक मारली तरी ते ओ देईना, की आपण त्याला उचलून दवाखाना गाठतो. तिथं केसपेपर काढताना विचारतात, गाव कोणतं? द्राक्षाच्या कामाला सुरगाणा-पेठहून दिंडोरी-निफाडला आलेली बाई कधी मळ्याचा पत्ता सांगते, कधी आधार कार्डावरचा. दोन्ही खरेच. पण मेंदूज्वराचा नकाशा काढणाऱ्याला एकच हवा असतो: डास चावला तेव्हा लेकरू कुठं झोपत होतं, तो.

आज बोलायचंय जपानी मेंदूज्वराबद्दल. नाव जपानी असलं तरी रोग आपल्याकडं जुना आहे. भारतात त्याचे रुग्ण पहिल्यांदा ओळखले गेले ते १९५५ साली, तमिळनाडूत वेल्लोरकडं. याचा विषाणू राहतो बगळ्या-ढोकऱ्यांत आणि डुकरांत. भाताच्या खाचरात वाढणारा क्युलेक्स डास त्यांना चावतो आणि मग आपल्याला. चावल्यापासून ताप यायला ५ ते १५ दिवस लागतात. एवढ्या दिवसांत मजुराचं बिऱ्हाड कुठल्या कुठं गेलेलं असतं. भाताच्या गावी चावलेला डास नकाशावर द्राक्षाच्या मळ्यात दिसला, तर फवारणीही तिकडंच जाणार आणि भाताचं गाव तसंच राहणार.

हाच विषाणू घोड्यालाही आजारी पाडतो. घोडा अडखळतो, चारा सोडतो, कधी मरतो. पण घाबरून कुणी दारचा घोडा हाकलू नका. घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तात हा विषाणू इतका वाढत नाही की चावणाऱ्या डासाला त्याची लागण व्हावी. दोघांपाशी रोगाची वाट संपते. डुकरांचं तसं नाही. त्यांच्या रक्तात तो भरपूर वाढतो, म्हणून त्यांची खुराडी घरापासून लांब हवीत.

मग नकाशाला घोडा कशाला? ऐका. लागण झालेल्या साधारण अडीचशे माणसांत एखाद्यालाच मेंदूपर्यंत आजार होतो. बाकीच्यांना कळतही नाही. म्हणजे दवाखान्यात एक लेकरू पोचतं, तेव्हा विषाणू गावात कधीचा फिरत असतो. घोडा रात्रभर उघड्यावर बांधलेला, त्याला डास खूप चावतात. त्याला काही झालं नाही तरी लागणीची खूण रक्तात उरते. लस न टोचलेल्या घोड्याचं रक्त तपासलं, की माणूस आजारी पडायच्या आधीच पत्ता लागू शकतो. हरियाणात हिसारला घोड्यांसाठी राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथं असं काम चालतं. आपल्याकडं पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था माणसांचे नमुने तपासते. वेस्ट नाईल नावाचा या विषाणूचा चुलतभाऊ आहे. त्याची खूण अगदी अशीच दिसते, म्हणून तपासणी दुहेरी करावी लागते.

घोड्याच्या बाबतीतही अडचण मजूर बाईचीच. येवल्याच्या बाजारातून किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेला घोडा लागण कुठून घेऊन आला, कोण सांगणार? इथंच जन्मलेलं, इथंच वाढलेलं शिंगरू खात्रीची बातमी देतं. पशुवैद्य रक्त घ्यायला आले, तर जनावर कधी, कुठून आणलं ते सांगा.

आता नकाशावरच्या कोऱ्या जागेबद्दल. कोरं म्हणजे रोग नाही, असं आपण धरून चालतो. पण तिथं कुणी तपासलंच नसेल, असंही असतं. याला फार महत्त्व आहे, कारण या रोगाची लस जिल्हा बघून दिली जाते. २००५ साली गोरखपूरच्या भागात हजारावर जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर २००६ पासून निवडक जिल्ह्यांत लसीकरण सुरू झालं. जिल्हा यादीत असेल तर बाळाला ९ महिने पूर्ण झाल्यावर एक आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस मिळतो. आपल्या जिल्ह्याचं काय, ते आशाताईंना विचारा.

सुरगाण्याच्या मैत्रिणींसाठी आणखी एक. शेजारच्या गुजरातेत २०२४ च्या पावसाळ्यात मुलं दगावली ती चांदीपुरा विषाणूनं. तो वेगळा. १९६५ साली नागपुरात सापडला, म्हणून तिथल्या चांदीपुरा भागाचं नाव त्याला मिळालं. तो पसरवते वाळूमाशी, मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यात राहणारी. त्याला लस नाही आणि लेकरू एक-दोन दिवसांत हातचं जाऊ शकतं. भेगा लिंपून घ्या, लेकरांना मच्छरदाणीत झोपवा.

झटके येत असताना तोंडात पाणी, चमचा काही घालू नका. लेकराला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. दवाखान्यात विचारलं नाही तरी सांगा: गेले पंधरा दिवस आम्ही कोणत्या गावी होतो, कोणत्या वस्तीवर झोपत होतो, जवळ भात होता का, डुकरं होती का. आणि ते कागदावर लिहून घ्यायला लावा.