पोकलेन नेण्यासाठी जुना ट्रक घेताना

विट्याहून भिवघाटाच्या बाजूला निघालात तर रस्त्याकडेच्या गॅरेजांसमोर पाठीवर पोकलेन घेतलेला एखादा तरी ट्रक उभा दिसतो. मूळ पोकलेन हे फ्रान्समधल्या एका कंपनीचे नाव. आपल्याकडे ते यंत्राचेच नाव होऊन बसले. टेंभू योजनेचे काम १९९६ साली सुरू झाले, कालवे खणले गेले, पुढे २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ आले, आणि खानापूर-आटपाडीच्या माळावर या यंत्राला काम मिळत गेले. माग विकून यंत्रात पैसा घातलेले काही बांधव आमच्या परिचयाचे आहेत. त्यांची अडचण एकच. साखळीवर चालणारे हे यंत्र डांबरी रस्त्यावरून चालवत नेता येत नाही. दर कामाला दुसऱ्याचा ट्रक भाड्याने घ्यावा लागतो, आणि चार दिवसांच्या कामात मिळालेले पैसे जाण्यायेण्याच्या भाड्यातच जातात.

मग जुना ट्रक घेण्याचा विचार येतो. असाच विचार करून आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रींनी सात टनी पोकलेनसाठी ट्रक ठरवला, इसार म्हणून दहा हजार रुपये देऊनही टाकले, आणि नंतर आम्हाला गाडी पाहायला सोबत नेले. क्रम उलटा झाला होता, हे त्यांनाही कळत होते. गाडीला ताजा रंग होता, इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झाले, आवाज गोड होता. विकणारा इंजिनचीच तारीफ करत होता. आमचे मिस्त्री मात्र हातोडी घेऊन गाडीखाली शिरले.

गाडीखाली काय सापडले ते सांगण्याआधी वजनाचा हिशोब सांगतो, कारण बहुतेकांची चूक तिथेच होते. जुन्या टाटा गाड्यांच्या क्रमांकातच हा हिशोब आहे. १६१३ म्हणजे साधारण १६ टन एकूण वजन आणि १३० अश्वशक्ती. २५१५ म्हणजे २५ टन आणि १५० अश्वशक्ती. एकूण वजनात गाडीचे स्वतःचे वजनही आले. दोन आसांची गाडी रिकामी असताना बॉडीसकट सहा टनांच्या आसपास भरते. म्हणजे दहा टन माल उरतो. त्यात सात टनी यंत्र, ब्रेकर, जादा बकेट, चढवण्याची लोखंडी फळी आणि डिझेलचे पिंप आरामात बसते. वीस टनी यंत्राला मात्र हा ट्रक नव्हे, तीन आसांचाही नव्हे. तिथे बसका ट्रेलर आणि तो ओढणारी पुढची गाडी लागते. यंत्र २०, रिकामा ट्रेलर ८ ते १०, पुढची गाडी ६ ते ७. म्हणजे ३५ टनांच्या ३५१६ मध्ये हे बसत नाही, ४०१८ पाहावी लागते. शिवाय वीस टनी यंत्राची उंची तीन मीटरच्या घरात असते. साध्या ट्रकच्या फळीवर ते ठेवले तर वाडीवस्तीवरच्या विजेच्या तारा गाठतात.

२०१८ साली केंद्र सरकारने आसावरचे चालणारे वजन वाढवले. चार टायरांच्या आसाला १०.२ टनांऐवजी ११.५ टन झाले. दलाल हा वाढीव आकडा तोंडावर फेकतो. आपण मात्र त्या गाडीच्या आरसी बुकात जे वजन नोंदले आहे तेच धरावे. अपघात झाला की विमा कंपनी तेच पाहते.

आता गाडीखाली. कॅबिनच्या मागे, डाव्या बाजूच्या चेसिसवर हातोडीचा आवाज बद्द आला. रंग खरवडला तर आतून पट्टी मारून वेल्डिंग केलेले. आपल्या सातारा-सांगली भागातला जुना ट्रक बहुधा उसात किंवा वाळूत राबलेला असतो. उसाची गाडी शेताच्या चाकोरीतून भरून निघते, तिथे चेसिस पिळवटते. वाळूची गाडी ओलीने आतून गंजते. पोकलेन फळीवर चढताना सगळे वजन काही क्षण मागच्या टोकावर येते आणि पुढचा भाग उचलू पाहतो. वेल्ड केलेली चेसिस तिथेच तुटते, आणि यंत्रावर चालक बसलेला असतो.

इंजिनचा दोष पैशांनी निघतो. रिंगा, लायनर बदलता येतात. ब्रेकचे तसे नाही. विट्याहून काम चिपळूणकडे लागले तर कराड-पाटणमार्गे कुंभार्ली घाट उतरावा लागतो, आणि तिथे चढण्याच्या ताकदीपेक्षा थांबण्याची ताकद कामाची. हवेची टाकी भरू द्यावी, इंजिन बंद करावे आणि दहा मिनिटे काट्याकडे पाहत बसावे. काटा भराभर उतरला तर हवा कुठेतरी गळते. टाकीखालचा नळ सोडून पाणी किती निघते तेही पाहावे. पाट्यांचे पान तुटले आहे का, मागच्या हाउसिंगमधून तेल झिरपते का, पुढच्या टायरांना रिमोल्ड चढवले आहेत का, हे पाहणे मिस्त्रीला अर्ध्या तासाचे काम आहे. टायरवरचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. गाडी सकाळी थंड असतानाच सुरू करायला लावावी. बॉनेट आधीच गरम असेल तर दुसऱ्या दिवशी यावे.

कोणत्या सालची घ्यावी, असे आम्हाला पुष्कळजण विचारतात. २०१० ते २०१७ मधली बीएस-३ गाडी विट्यातला कोणताही जाणता मिस्त्री उघडून बसवू शकतो. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला डिझेलबरोबर युरियाचे द्रावणही लागते आणि बिघाड शोधायला संगणक जोडावा लागतो. ज्याचे काम माळावर आहे त्याला जुनीच परवडते. फक्त आठ वर्षांपुढे फिटनेस दरवर्षी घ्यावा लागतो आणि पंधरा वर्षांपुढे त्याची फी जड होते, हे किमतीत धरावे.

कागदांत आपले बांधव फार फसतात. ऊस वाहतुकीच्या गाडीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असण्याचा संभव मोठा. तो आरसीवर दिसतो. तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्याचा दाखला हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. वाळूत सापडलेल्या गाडीवर महसूल खात्याचा दंड आहे का, हे तहसील कार्यालयात विचारावे. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचे असते, घेणाऱ्याने ३० दिवसांत. ‘नाव नंतर करू’ हे बोलणे दोघांनाही महागात पडते. आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्यावर, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे.

व्याजाचे कर्ज नको म्हणून दोघे-तिघे भागीने गाडी घेतात. ही चांगली पद्धत आहे. पण आरसीवर नाव एकाचे लागते, म्हणून कोणाचे किती पैसे, टायर फाटला तर खर्च कोणाचा, गाडी उभी राहिली तर भाडे कसे वाटायचे, हे भावाभावांतही साक्षीदारांसमोर कागदावर लिहून घ्यावे.

आमच्या मिस्त्रींनी ती गाडी सोडली. इसारातले दोन हजार परत आले, आठ हजार गेले. पुढे गळीत हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात, त्यांना दुसरी गाडी मिळाली. दसऱ्याच्या तोंडावर ट्रकचे भाव चढतात, उन्हाळ्यात विकणाऱ्यालाच घाई असते. रंग उडालेली, सीट फाटलेली, पण चेसिस मूळची. त्यांनी चारही ब्रेकचे लायनर बदलले, पुढे दोन नवे टायर घातले आणि गाडीला रंग न देताच मायणीच्या कामावर लावली.