कलेचे खाते, व्यवहाराचे खाते

दुकानाची गादी तयार असताना मुलगा वा मुलगी उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन ग्राफिक डिझाइनर होते, असे आपल्या व्यापारी घरांतून आता अनेकदा घडते. वडीलधाऱ्यांना चिंता वाटते की चित्रे काढून संसार कसा चालेल? त्या तरुण मनात निराळीच खंत असते : साड्यांची हँडबिले आणि मसाल्याची पाकिटे करण्यातच आपली कला संपणार काय? दोन्ही चिंता खऱ्या आहेत, म्हणून दोन्हींचा विचार एकत्रच करावयास हवा.

महाराष्ट्रातील दोन थोर अक्षरकारांची उदाहरणे या बाबतीत बोलकी आहेत. र. कृ. जोशी यांनी उल्का या जाहिरातसंस्थेत दीर्घकाळ काम केले, पुढे मुंबईच्या आयआयटीत अध्यापन केले. त्यांनी घडवलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट संगणकाद्वारे असंख्य कचेऱ्यांत पोहोचला. कमल शेडगे यांनी टाइम्स समूहाच्या कलाविभागात नोकरी केली. मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी त्यांनी रेखाटलेली शीर्षके इतकी बोलकी असत की अक्षरांच्या वळणावरूनच नाटकाची प्रकृती कळावी. वर्तमानपत्रातील नाट्यजाहिरात ही तर शुद्ध व्यापारी गोष्ट; परंतु त्यांच्या कलेला अंगण मिळाले ते तिथेच.

अर्थात प्रत्येक कामात अशी मोकळीक नसते. ‘दुकानाचे नाव आणखी मोठे करा’ एवढीच ग्राहकाची अपेक्षा असेल, तर ते कामही नेटकेपणानेच करावे लागते. म्हणूनच आठवड्यातील काही तास स्वतःच्या रेखाटनांसाठी नेमून ठेवावेत. व्यापारी नफ्यातील काही भाग पुन्हा भांडवलात घालतो, तसेच हे आहे. त्या तासांत हात जे शिकतो, ते पुढे पोटाच्या कामातही उतरते.

हे तास वाचवायचे तर व्यवहार चोख हवा. काम हाती घेण्यापूर्वी दर, मुदत, विसार आणि किती वेळा दुरुस्ती करून मिळेल हे कागदावर लिहावे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वामित्वहक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी करावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते. ‘उद्यम’ नोंदणी केलेल्या लहान व्यावसायिकास २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचाही आधार आहे : लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत ग्राहकाने पैसे चुकते करावयाचे असतात.

भाव सांगणे, उधारी आटोक्यात ठेवणे, वसुली करतानाही संबंध जपणे, हे कोणत्याही कलाविद्यालयापेक्षा आपल्या पेढीवर अधिक चांगले शिकता येते. वडिलांनी मुलाला हा वारसा अवश्य द्यावा.

मात्र आपण केवळ पालक नाही, ग्राहकही आहोत. लग्नपत्रिका असो वा दिवाळीचा कॅटलॉग, ‘घरचेच काम आहे, करून टाक’ असे आपण सहज म्हणतो. कापडाच्या ताग्याला आपण भाव देतो, तर रात्री जागून केलेल्या रेखाटनाला का देऊ नये? पुढील पत्रिकेच्या वेळी आपल्या घरातील कलावंताकडे प्रथम दरपत्रक मागावे, आणि विसारही त्याच दिवशी त्याच्या हाती ठेवावा.