मेलेला पक्षीही मोजायचा असतो

शिरूर-दौंडच्या मंडळींना घोड आणि भीमा नव्यानं सांगायला नको. घोड शिरूरवरून खाली येऊन भीमेला मिळते आणि दौंडच्या पुढे भीमा उजनीच्या फुगवट्यात शिरते. हिवाळ्यात इथे रोहित, थापट्या, चक्रवाक उतरतात. पट्टकदंबही येतो, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, हिमालय ओलांडून येणारा हंस. किती आले हे आपण हौसेनं मोजतो. किती मेले, ते मोजायला फारसं कुणी जात नाही. लोकांनी ठेवलेल्या नोंदी जिथे जमा होतात, त्या ‘ईबर्ड’वरच्या यादीतही जिवंत पक्ष्यांचीच संख्या धरतात.

डिसेंबर २०२०च्या अखेरीस हिमाचलातल्या पोंग जलाशयावर पक्षी मरू लागले. काही आठवड्यांत चार हजारांहून अधिक गेले, बहुतेक पट्टकदंबच. कारण बर्ड फ्लू, एच५एन१. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या दौंड तालुक्यात बोरीबेलला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला. लगेच कुणी म्हणेल, हंसांनीच आणला! पण दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. कोंबड्यांची ने-आण, खाद्याच्या गाड्या, पिंजरे, या वाटाही आहेतच. कोंबड्यांच्या आधी पाण्यावर पक्षी मरत होते का, हे तारखेनिशी लिहिलेलं असेल तरच पुढे बोलता येतं.

प्रत्येक मरतूक फ्लूची नसते. नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर १८ हजारांहून अधिक पक्षी मेले ते बॉट्युलिझमनं. हे जिवाणू प्राणवायू नसलेल्या चिखलात आणि सडत्या मांसात विष तयार करतात. मेलेल्या पक्ष्यात अळ्या पडतात, विष अळ्यांत साठतं, अळ्यांना काही होत नाही. अळ्या खाणाऱ्या पक्ष्याचे स्नायू मात्र लुळे पडतात. मान टाकतो आणि वीतभर पाण्यात बुडून मरतो. मग त्याच्यात अळ्या! म्हणून इथे पहिल्या दिवशीची बातमी आठव्या दिवशीच्या बातमीपेक्षा कितीतरी मोलाची. मेलेले पक्षी वेळेवर उचलले की साखळी तुटते.

तेव्हा काठावर जाताना काय बघायचं? पक्षी विजेच्या तारेखाली ओळीनं पडलेत की काठभर विखुरलेत. एकाच जातीचे की अनेक. मान लुळी होती का. मासेही मेलेत का. फोटो लांबून, हात अजिबात लावायचा नाही, कुत्री लांब ठेवायची. ‘आयनॅचरलिस्ट’वर ‘मृत’ अशी खूण करता येते. आणि दर आठवड्याला तेवढाच काठ चालायचा. काही सापडलं नाही तर शून्य लिहायचं. या शून्याचा लोकांना फार कंटाळा येतो, पण त्याच्याशिवाय ‘अचानक वाढ झाली’ म्हणायला आधार कुठला?

पण नुसती नोंद पुरत नाही. वन विभागाला १९२६ वर फोन, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात निरोप. नमुने पुण्यात औंधला आणि तिथून भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात.

खरी अडचण वेगळीच आहे. या दोन तालुक्यांत पोल्ट्रीवर घरं चालतात. बातमी फुटली की भाव पडणार, ही भीती खोटी नाही. अफवेनंही भाव पडतो. म्हणून ‘बर्ड फ्लू आला’ असं ग्रुपवर टाकायचं नाही. ‘इथे सात पक्षी मेलेले दिसले’ एवढंच, तेही डॉक्टरांना. पोल्ट्रीवाल्यांनाही आम्ही एक हिशेब सांगतो: रोग ठरला तर एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारतात, आणि भरपाई मिळते ती मारलेल्या कोंबडीची. आधीच मेलेलीची नाही.